रुख्मिणीबाईच्या पाटल्या

सिस्टरनं कागदाची पुडी हातात ठेवली तेव्हा विश्वंभरला वाटलं, औषधाचं काहीतरी असेल. उघडून पाहतो तर आईच्या पाटल्या. भरती करताना याच पाटल्या काढायला त्यानं आणि त्याच्या बायकोनं, साधनानं, साबण लावला, तेल चोळलं; म्हातारीच्या हाताची सालं निघाली, पण पाटली तसूभर हलली नव्हती. आता कशा काढल्या, त्यानं विचारलं.

"काढल्या नाहीत," सिस्टर म्हणाली. "सकाळी आजींनी हात खाली सोडला, तर आपोआप गळून पडल्या."

अकरा दिवस झाले होते. कोरोनाची दुसरी लाट, हिंगोलीत खाट मिळणं म्हणजे देव पावणं. बहात्तर वर्षांच्या रुख्मिणीबाईला एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत जागा मिळाली आणि विश्वंभर रोज डोंगरकड्याहून मोटारसायकलवर डबा घेऊन येऊ लागला. आत जायला बंदी. डबा दारात द्यायचा, संध्याकाळी रिकामा न्यायचा. आणि रिकामा तरी कसा, चाटूनपुसून! मुगाची खिचडी, वर तूप, कधी दुधात कुस्करलेली भाकर, शीतही मागं राहत नव्हतं. आमच्या म्हातारीला कोरोना झाला का भस्म्या, असं तो गावात हसून सांगायचा. जेवतंय ते माणूस जगतंय, एवढंच त्याला ठाऊक. आज दवाखान्यातून बोलावणं आलं म्हणून साधनाही सोबत आली होती, तर हातात ही पुडी.

डॉक्टर मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. ताप उतरलाय, छातीही सुधारतेय, पण मशीन काढता येत नाही, त्या म्हणाल्या. श्वास ओढायलाही अंगात ताकद लागते. पोटात काही जात नाही, हे पाटल्या गळल्यावर आम्हाला कळलं; तुमच्या आईचं अंग आता स्वतःचंच मांस खातंय, आणि म्हाताऱ्या माणसाचं हे फार झपाट्यानं होतं. उद्यापर्यंत जेवल्या नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. इतक्या उशिरा तिचा किती उपयोग होईल, ते मात्र सांगता येत नाही.

विश्वंभर ओरडला. "जेवत न्हाई म्हंजी? मग डबा कोण खाऊन राहिलं?"

पुडी देणारी सिस्टर, शिला तिचं नाव, रडायलाच लागली. आजी रोज तिला सांगायच्या, मी दवाखान्याचं जेवले, हा घरचा डबा तू खा. आणि दुसऱ्या पाळीत दवाखान्याचं ताट आलं की सांगायच्या, मला घरचा डबा आलाय. शिलाची बारा तासांची ड्युटी, पोटात कावळे ओरडत असायचे. तिनं डबा खाल्ला, आजी जेवल्या असं तिलाही वाटलं. खरं सांगायचं तर तिच्या कानाखाली आवाज काढावा असं विश्वंभरच्या मनात आलं. पण भुकेल्या माणसाला आईनंच आग्रह करून वाढलेलं, त्याला काय बोलणार, कप्पाळ?

मॅडमनी त्याला किट चढवायला लावलं आणि दहा मिनिटं दिली. आत गेला तर खाटेवर आई कुठंय तेच दिसेना. चादरीखाली नुसती हाडं. कानानं ती आधीच कमी, त्यात मशीनची घरघर. त्यानं कानाशी तोंड नेऊन ओरडून नाव सांगितलं, तेव्हा कुठं तिनं ओळखलं. जेवत काहून न्हाईस, त्यानं विचारलं. तिनं त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं आणि मास्कमधून तुटक तुटक बोलली.

"खाल्लं की बसावं लागतंय, बाबा. लघवीला नळी हाय, पन दुसऱ्याचं काय? समदे बापेच हायत इथं. त्याईनं माझं कापड फेडायचं? त्याच्यापरीस मेलेलं बरं."

विश्वंभरनं मान वर करून पाहिलं. पाच जण वावरत होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे डगले, डोळ्यांवर काचा, तोंडावर दोन-दोन मास्क. बाई कोण, बाप्या कोण, ब्रह्मदेवालाही ओळखू आलं नसतं. पण रोज दारात येऊन-जाऊन त्याला माहीत होतं, त्या पाचांत चार बाया होत्या. डॉक्टर बाई. डबा खाणारी बाई. बायांच्या घोळक्यात पडून बाप्यांच्या धास्तीनं त्याची आई अकरा दिवस उपाशी मरत होती.

तो घसा फोडून सांगू लागला. म्हातारीचा विश्वास बसेना, उलट तिनं तोंड फिरवलं. तेव्हा शिलानं किटवर नावं लिहायचा लाल पेन घेतला, स्वतःच्या टोपीवर, बरोबर कपाळाच्या जागी, रुपयाएवढं कुंकू काढलं आणि तिच्यापुढं वाकली. मॅडमनीही काढून घेतलं. म्हातारी एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिली.

"बाईमानूस हायस व्हय?" ती शिलाला म्हणाली. "मंग आधी सांगावं न्हाई का, बये."

चार चमचे खिचडी गेली. पाचव्याला तिनं मान हलवली, पण मॅडमनी विश्वंभरला आत थांबू दिलं आणि दुपारी तिनं पुन्हा सहा चमचे घेतले आणि वर कपभर दूध. नळीचं आता थांबू या, मॅडम म्हणाल्या.

विश्वंभर बाहेर आला. साधना लिंबाखाली बसली होती. त्यानं सगळं सांगितलं. अकरा दिवस, निव्वळ लाजेपायी. असं कोण करतं का कुठं?

सिस्टरी हायत आणि डबाही रिकामा येतोय, म्हणून आपण बिनघोर राहिलो, साधना एवढंच म्हणाली. मग तिनं सासूबद्दल विचारलं, "जिथं बाईला आडोसा न्हाई अशा लग्नाकार्याला गेलं की आत्याबाईला हमेशा उपास काहून असायचा, तुमाला काय वाटलं?"

देवभोळी म्हणून. दुसरं काय वाटणार? आमच्या घरात सासू कडक आणि सून तिच्याहून कडक, परगावी पाण्याचा थेंबही घेत नाहीत, असं तो पाहुण्यांत छाती फुगवून सांगत आला होता.

"मंग तुझा उपास?" त्यानं कसंबसं विचारलं.

"आज बी हाय," साधना म्हणाली. "सकाळी सातला घरून निघालो तवापासून."