एक गाडीत, एक डिकीत

आम्रपालीला स्कूटरसाठी स्पार्क प्लग हवा होता तो भारीतलाच. सोमवारी सकाळी नऊला मिरजेच्या एका दवाखान्यात नर्सच्या जागेची मुलाखत होती. आष्ट्याजवळच्या तिच्या वाडीतून पहिली एसटी पोचायची साडेनऊला. उरली वडिलांच्या मागे राहिलेली जुनी स्कूटर, आणि ती तर आठवड्यातून एकदा रस्त्यात बसायचीच.

गॅरेजवाले नाथाजी मिस्त्री फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. गिऱ्हाईक मागेल ते मुकाट द्यावं, ही साधी गोष्ट त्यांना उभ्या जन्मात जमली नाही.

"तुजं इंजिन ऑईल पितंय, पोरी. भारीतला प्लग बी काळा व्हनार न् सादा बी. इंजिनाचं काम सोमवारच्या आत हुत न्हाई. दोन सादे घे. एक गाडीत, एक डिकीत."

"आन् रस्त्यात मिस्त्री कुठनं आणू, काका?"

त्यांनी पाना तिच्या हातात दिला आणि स्वतः चहा घेत बसले. तिनं प्लग काढला, बसवला. त्यांनी परत काढायला लावला. असं पाच वेळा. वर "आता डोळं मिटून" म्हणाले, तेव्हा आम्रपाली जाम वैतागली.

सोमवारी सांगलीच्या अलीकडे स्कूटर फुरफुरली आणि बंद पडली. आम्रपालीचे हात आपोआप डिकीकडे गेले. तापलेला प्लग फडक्यात धरून काढला, नवा बसवला. दहा मिनिटांत गाडी रस्त्याला लागली.

मुलाखतीआधी तिनं हात खसाखसा धुतले, तरी नखांतलं काळं निघेना. मेट्रन विजयमालाबाईंची नजर नेमकी तिथंच.

"नर्सची नखं अशी?"

तिनं घडलं ते सगळं सांगून टाकलं. बाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या.

"घाबरलीस का?"

"लय. पण हात चालत होते."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं.

ती पेढे घेऊन थेट गॅरेजवर गेली. "हात बरबटल्यात, ठिव तितं," नाथाजी म्हणाले. तिनं पेढा त्यांच्या तोंडातच घातला.

"काका, आण्णा गेल्यापासनं मला असं दटावून कुणी काय शिकवलं न्हवतं. तुमचे लय उपकार झाले."

नाथाजींनी पेढा चघळत हात फडक्याला पुसले. मग स्कूटरकडे वळले. "सोड हितं. इंजिन खोलू. मग बसवू तुजा भारीतला."

आम्रपालीनं बाह्या वर सारल्या आणि पाना उचलला.