पुतळीच्या कमरेचा पट्टा

मी एक जुना कमरेचा पट्टा आहे. माझ्या पाठीत चार पोलादी पट्ट्या आहेत. त्यातल्या दोन वाकल्या आहेत. माझं काळं कापड घामाने पांढुरकं पडलंय. मित्रांनो, कारखान्यात मला कुणी शिवलं ते आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते पुतळीच्या कमरेवर.

पुतळी पेणकडच्या जिते गावाजवळची. पेणमध्ये पोह्याच्या पापडांचं पीठ कुटायची आणि दिवसभर वाकून पापड लाटायची. वय बावन्न, दिसायची सत्तरीची. रिक्षातून उतरताना दांडा धरून थांबायची, मग पाय खाली टाकायची. नवरा महिपती नागोठण्याकडे कंपनीत शिफ्टला जाई. बायकांच्या पाठी दुखतातच, असं त्याचं मत होतं.

रोह्याला दिलेली लेक पूजा शेवटी आईला तिकडच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी पाठीचा एक्स-रे उजेडावर धरला आणि विचारलं, "जेवता काय?"

"भात. पेज. कालवन उरला तर कालवन."

"आणि उरलं नाही तर?"

"मीठ हाय की."

बाई म्हणाल्या, "हाडं भुसभुशीत झाली आहेत. अंडी, दूध, डाळ, मासे, नाचणी, रोज पोटभर. गोळ्या देते." मग मला पुतळीच्या कमरेला बांधत म्हणाल्या, "हा पट्टा चारच आठवडे वापरायचा, नाहीतर पाठीचे स्नायू आळसावतील. पट्ट्याने हाड भरत नाही, अन्नाने भरतं."

मला वाईट वाटलं नाही. खरंच होतं ते.

घरी महिपतीने एवढंच विचारलं, "पट्टा दिलाय ना? मग झाला."

पूजाने ठेवलेली अंडी त्याने चार दिवसांत संपवली. "शिफ्ट मी करतो," तो म्हणाला. दूध त्याच्या चहात जाई. पुतळी सगळ्यांत शेवटी बसे आणि पातेल्याच्या बुडाची खरवड खाई. गोळ्या संपल्या, पुन्हा कुणी आणल्या नाहीत. चार आठवड्यांची दोन वर्षं झाली. शेजारीपाजारी माझं कौतुक करत. "पट्ट्यानं बाई उभी राहिली," म्हणत. आतून मात्र ती महिन्यामहिन्याला बारीक होत होती आणि मला दर वेळी आणखी आवळून बांधावं लागत होतं. मी तिला सावरतो असं सगळ्यांना वाटलं, म्हणून तिच्या ताटाकडे कुणी पाहिलंच नाही.

एका सकाळी तांदळाची गोण सरकवताना पुतळी मोडली. खाली पडलीसुद्धा नाही. मोरीच्या कठड्याला धरून वाकलेलीच राहिली. माझ्याखाली काहीतरी चुरल्यासारखं झालं.

"सरळ हो, नाटकं नको," महिपती म्हणाला. ती सरळ होऊ शकली नाही.

ती कॉटवर पडली. तिला उठवून संडासाला, मोरीत न्यायचं काम महिपतीवर आलं. त्याने त्यावर उपाय काढला. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी दोन बिस्किटं, संध्याकाळी काही नाही. पुतळीने एकदा भात मागितला.

"खाल्लंस तर उठवावं लागेल," तो शांतपणे म्हणाला. रागावून म्हणाला असता तर मला कमी भीती वाटली असती.

फोनवर तो पूजाला सांगे, "बरी हाय. झोपलीय."

अकराव्या दिवशी पूजा न कळवता आली. तिने मला सोडलं आणि आईची कातडी पाहिली. माझ्या पट्ट्यांच्या जागी जखमा होत्या.

"बाबा, तुम्ही काय जेवलात आज?"

"सुरमई केलीवती शेजारणीनं. का?"

पूजाने गाडी बोलावली आणि आईला रोह्याला नेलं. मीही सोबत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मणका चेपून बसलाय, पाठीचा बाक जाणार नाही. दोन वर्षांपूर्वी खाल्लं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता दुखणं थोडं कमी होईल, इतकंच.

रोह्यात पहिल्या दिवशी पूजाने पुढ्यात ताट ठेवलं. वरण, भात, दोन अंडी. पुतळीने एका अंड्याचे दोन भाग केले, एक बाजूला सारला आणि विचारलं, "जावईबापूंचं झालं गो?"

"झालं, आये."

"मग पोरांना?"

"सगळ्यांचं झालं. हे तुझं हाय."

पुतळीने ते सारलेलं अर्धं अंडं उचललं आणि दाराकडे पाठ वळवून, चोरून खावं तसं खाल्लं. पूजा समोर बसून राहिली, पण आई वर बघेना.

मित्रांनो, आता मी कपाटात पडून असतो आणि मला त्याचं दुःख नाही. दुकानात माझ्यासारखे पुष्कळ मिळतील. पण आज जेवायला बसाल तेव्हा घरात शेवटी कोण बसतं ते बघा, आणि तिचं ताट भरेपर्यंत तुमचा घास थांबवा.