स्वातीच्या उजेडातलं मीठ

मी एक लोलक बोलतोय. मौला काचवाल्याने मला झुंबरासाठी घासलं होतं. पण माझ्या अंगातून सुटणारे रंग पाहून पिराजी मास्तर भाळले आणि मला शाळेतून मागून आणलेल्या दुर्बिणीला बसवलं. तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि प्लेग नुकताच येऊन गेला होता.

मास्तरांना एकच ध्यास. जळत्या मिठाचा उजेड माझ्यातून गेला की पिवळी रेघ उमटते. ताऱ्याच्या उजेडात नेमकी तिथंच काळी रेघ असते, ताऱ्यातही मिठातलंच द्रव्य असल्याची खूण. ताऱ्याचा उजेड कित्येक वर्षांपूर्वी निघालेला, जाळ आजचा. सृष्टीचे नियम काळाबरोबर बदलत असतील, तर दोन्ही रेघा एका जागी यायच्या नाहीत. तेच मास्तर रोज ताडून पाहायचे.

घरात मात्र वेगळाच घोर होता. प्लेगात नवरा गेल्यापासून मास्तरांच्या आई, बायडाबाई, दोन घास खाऊन उठायच्या. "मिठाला पैल्यासारखी चव न्हाय," म्हणायच्या. पार वाळून गेल्या होत्या. मला पुसताना मास्तर पुटपुटायचे, "ही बी जाती की काय?" जे माणसांना विचारवत नाही, ते माणसं काचेला विचारतात.

चैत्रात, दिवेलागण झाल्यावर, मास्तर माडीवरून स्वातीच्या ताऱ्याकडे पाहत होते. एकाएकी ओरडले, "बदललं! काळी रेघ पिवळी झाली!"

मागे बायडाबाई पेटती शेगडी घेऊन उभ्या. पोराला आभाळाची दृष्ट लागली म्हणून त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून जाळात टाकल्या होत्या, आणि तोच उजेड माझ्यात शिरला होता. मला हसता आलं असतं तर माझी पुरेवाट झाली असती.

मास्तर हसले नाहीत. जाळ विझत आल्यावर त्यांनी आईचा डोळा दुर्बिणीला लावला.

"आये, काळी रेघ दिसती? ह्यो उजेड निघाला तवा बाबा हुते."

"व्हय?"

त्यांनी शेगडीत चिमूटभर मीठ टाकलं. "आता?"

"तितंच पिवळी झाली की."

"तवाचं मीठ आन् आजचं मीठ एकच हाय, आये. त्येच्यात फरक न्हाय."

त्या बराच वेळ डोळा लावून राहिल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्हंजी चव माझीच गेली हुती. चल खाली. मला बी वाढ."

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या, आणि पुढं पुष्कळ वर्षं जगल्या.

आता दोघंही नाहीत. मी त्यांच्या घरातल्या कपाटात धूळ खात पडलोय. तक्रार नाही. फक्त चैत्रात एकदा मला स्वातीसमोर धरा. ती मायलेकरं हयात असताना निघालेला उजेड आत्ता कुठं इथं पोचतोय. तो माझ्या अंगातून जाऊ दे.