कटावबाच्या खांबावरची फीत

"या सरोवरात पाणी आहे तोवर माझ्या कटावबाची एक वेल कुणी उपटणार नाही!" एलवुड टीटरने ट्रकच्या फळीवर उभं राहून जाहीर केलं, आणि वेली बांधायच्या सुतळीने आवळलेली त्याची विजार घसरली. श्रोते दोनच होते, कुत्रा आणि थोरली बहीण व्हर्ना. कुत्रा उठून गेला.

"खाली उतर," व्हर्ना म्हणाली. "पडलास तर उचलायला मला गुडघे नाहीत."

आजोबांनी लावलेल्या त्या गुलाबी कटावबा द्राक्षांना कोल्ह्यासारखा उग्र वास येतो म्हणून वायनरीने यंदा ती घेतली नव्हती. शेजारच्या उतारांवर युरोपातली नाजूक वाणं आली होती. तिथे आधी जुन्या रांगेच्या खांबाला नारिंगी फीत दिसायची, मग वेली उपटायचं यंत्र यायचं.

बुधवारी काठाजवळच्या रांगेला फीत दिसली. एलवुडने ती तोडून खिशात घातली. गुरुवारी दोन होत्या, शुक्रवारी पाच. रांगेमागून रांग करत फिती उतार चढून घराकडे येत होत्या. ऑक्टोबर असूनही द्राक्षांवर पाखरू उतरत नव्हतं. सरोवर तव्यासारखं पडून होतं.

"त्या शेजारच्या हॉलिस डन्समोरचंच काम हे. जन्माचा कपटी!"

"हॉलिसला वाकता तरी येतं का?" व्हर्ना मुरंबा ढवळत राहिली.

सोमवारी उजाडताना एलवुड घराजवळच्या शेवटच्या, सर्वांत जुन्या रांगेआड दबा धरून बसला. धुक्यात कात्री वाजली. कच्च. पुन्हा कच्च. मग एक आकृती गुडघे धरत वर आली.

"व्हर्ना? तू?"

"जमिनीचे कागद माझ्या नावावर होते. बाबांनी तुला बरोबर ओळखलं होतं." ती धापा टाकत होती. "दोन वर्षं तू एक वेल छाटली नाहीस. नुसती भाषणं. मला हा चढ झेपत नाही रे. विकली मी जमीन."

"सगळी?"

"सगळी."

खालच्या रस्त्यावर काहीतरी जड गुरगुरलं. पायाखालची माती थरथरली.

एलवुड खांबाला पाठ लावून, हात पसरून उभा राहिला. "ही आजोबांची पहिली रांग आहे! यंत्र आधी माझ्या अंगावरून जाऊ दे!"

व्हर्ना कण्हत वाकली.

"बरं. त्याआधी डावा पाय उचल," ती म्हणाली. "फीत अडकलीय."