फरशीखालचा आड

मित्रांनो, वाकून पाहू नका, तिथूनच ऐका. मी वसमतकडच्या एका खेड्यातला, पद्माबाईंच्या परसातला जुना आड आहे. आड म्हणजे घरापुरती अरुंद विहीर. त्यांच्या सासऱ्यांनी मला काळ्या दगडात बांधून घेतलं. घरची हळद माझ्याच पाण्यात शिजायची. तळाला पडलेला चमचासुद्धा वरून दिसे, इतका मी नितळ. पाहुणे कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

गावात नळ आला आणि माझ्या तोंडावर फरशी बसली. बारा वर्षं मी अंधारात होतो. माणसांची फार आठवण यायची, आणि मला माणसांची फक्त तहान ओळखता येते.

यंदा नळ आठ-आठ दिवस कोरडा राहू लागला. त्यातच आमच्याकडे अधूनमधून होते तशी जमिनीत गुरगुर झाली, भांडी हलली. आवाज माझ्या फरशीखालून आला असं सगळ्यांना वाटलं.

"आसरा बोलवून राहिल्यात," पद्माबाई म्हणाल्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. त्यांच्या सुनेला, पुनमला, मुलगी होऊन सव्वा महिना झाला होता. रीतीप्रमाणे बाळंतिणीनं पाणी पुजायचं, लेकराच्या ओठाला त्याचा थेंब लावायचा आणि मग घरात माझंच पाणी प्यायचं, असं ठरलं.

फरशी सरकली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण शेजारीच गोठा आणि उकिरडा आहे. दर पावसाळ्यात त्यांची घाण माझ्या दगडांच्या सांध्यांतून आत उतरते. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

पुनमनं हळदकुंकू वाहिलं, ओंजळ भरली आणि ती थांबली.

"आत्याबाई, आधी पाणी तपासू."

"आरशासारखं पाणी हाय. काहून तपासायचं?"

"लेकराच्या तोंडात जाणार हाय, म्हणून."

गावच्या आरोग्यसेविका आकांक्षाताईंनी औषध घातलेल्या बाटलीत माझं पाणी भरून ती समोरच्या कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी काळवंडलं. दुपारपर्यंत काजळासारखं झालं. माझ्या पोटातलं मी पहिल्यांदाच बाहेर पाहत होतो.

"घाण उतरलीय," ताई म्हणाल्या. "असल्या पाण्यानं हगवण लागती. लेकरू हातचं जाईल."

ताई गेल्यावर पद्माबाई माझ्या काठावर टेकल्या. मग वाकून हळूच म्हणाल्या, "माझा विकास दोन वर्साचा व्हता. हगवणीनं तीन दिवसांत गेला. आसरा कोपल्या म्हणून आमी तुझ्यात नारळ सोडला. शेवटचा घोट बी तुझाच पाजला. खरं सांग, तूच नेलंस का त्याला?"

माझं बोलणं पद्माबाईंना ऐकू जात नाही. पण तो पावसाळा मला आठवतो. त्या दिवशी भरलेला तांब्याही आठवतो.

फरशी परत बसली. मित्रांनो, घराला आड हवा असेल तर आधी गोठा, उकिरडा, संडास किती लांब आहे ते पाहा. पाणी दरवर्षी तपासा. न तपासता पोहरा सोडलात, तर मी तुम्हालाही तसंच थंडगार, गोड पाणी देईन. मला दुसरं काही देता येत नाही.