खोडलेली नोंद

सदतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. एक वाक्य मी किती वर्गांना सांगितलं असेल याची गणती नाही: जे दिसेल ते लिहा, पटो न पटो. मागच्या मार्चमध्ये एका मुलीने तसंच लिहिलं आणि मी त्यावर तांबड्या पेनाने रेघ मारली. ती रेघ दुसऱ्याच एका मुलाच्या जिवावर बेतली. म्हणून घडलं तसं, क्रमाने सांगतो.

बिबवेवाडीत आमच्या विहाराच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी पाच ते सात मुलांची अभ्यासिका भरते. निवृत्त झाल्यापासून ती मी चालवतो. माझा जुना विद्यार्थी चेतन आयटी कंपनीत आहे. कंपनीने काढून टाकलेला एक डेस्कटॉप त्याने जानेवारीत आम्हाला आणून दिला. दोन महिने तो उत्तम चालला. मार्चचा पहिला सोमवार आला, उन्हं तापायला लागली, हॉलची देखभाल करणाऱ्या तुळजाबाईंनी पाण्याच्या कूलरवरची चादर काढून तो सुरू केला, मुलं घटाघटा गार पाणी प्यायली. त्याच संध्याकाळी अभ्यासिकेतल्या सोनालीने हाक मारली.

"सर, कॉम्प्युटर अडकला."

पडद्यावर कंपनीचं चिन्ह होतं आणि त्याखाली गोल फिरणारे पांढरे ठिपके. ठिपके अर्ध्या वाटेत थांबले होते. माऊस हलत नव्हता, कीबोर्डचा दिवा लागत नव्हता. आतला पंखा तेवढा घरघरत होता.

"मारू का एक?" आमोद म्हणाला. "आमचा टीव्ही मारल्यावरच चालतो."

"तुला मारल्यावर तू चालतोस का?" राजनंदिनीने विचारलं.

मला खरं तर आनंदच झाला. बिघडलेल्या वस्तूसारखा दुसरा धडा नाही. मी एक कोरी वही काढली आणि रकाने आखून दिले. तारीख, वेळ, काय बदललं, काय झालं, आणि शेवटचा रुंद रकाना, आणखी काय दिसलं. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लिहिण्याचं काम राजनंदिनीकडे दिलं. ती अकरा वर्षांची आहे. अक्षर बारीक आणि शंका मोठ्या.

मंगळवारी आम्ही रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या.

"सर, माझं गणित पण असं पुसून नीट होईल?" आमोद म्हणाला. तो नऊ वर्षांचा, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत पुढे.

"पुसायला आधी लिहावं लागतं," सोनाली म्हणाली.

पट्टी बसवली, बटण दाबलं. ठिपके फिरले आणि थांबले. बुधवारी प्रिंटर काढून पाहिला, मग माऊस काढून पाहिला. ठिपके तिथेच थांबले. त्या थांबण्यात काहीतरी होतं. रोज त्याच जागी, जणू कुणी आतून हात धरत होतं. मला तेव्हा ते मजेशीर वाटलं होतं.

"सर," राजनंदिनी म्हणाली, "सीपीयूला हात लावला की मुंग्या येतात."

मी सीपीयूच्या पत्र्यावर तळवा ठेवला. थंड पत्रा. बाकी काही नाही.

"तासभर मांडी घालून बसलं की येणारच."

"पायाला नाही सर, बोटांना."

"हे बघ, मी हात ठेवलाय. मला येतायत का?"

मुलं हसली. "राजूला भूत चावलं!" आमोद ओरडला. ती खाली मान घालून लिहीत राहिली.

विहारात सगळे चपला दाराबाहेर काढतात. मुलं सतरंजीवर, फरशीवर अनवाणी वावरतात. मला मधुमेह आहे, तळपायांची संवेदना कमी झाली आहे. डॉक्टरांनी घरातसुद्धा जाड रबरी एमसीआर चपला घालायला सांगितल्या आहेत. म्हणून विहाराच्या समितीने माझ्यासाठी आत वापरायचा वेगळा जोड ठेवू दिला आहे. त्याची मला इतकी सवय झाली आहे की तो पायात आहे हेही आठवत नाही.

घरी जाताना मी वही बरोबर नेली. शेवटच्या रकान्यात तिने चार ओळी लिहिल्या होत्या. पहिली होती, "सीपीयूला मुंग्या येतात." पुढचं मी वाचलंच नाही. चारही ओळींवर तिरकी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "असंबद्ध."

गुरुवारी चेतनने स्कूटरवरून सीपीयू माझ्या घरी आणून दिला. घर विहारापासून चालत पंधरा मिनिटांवर, उताराच्या टोकाला. घरी मी तो अकरा वेळा सुरू केला, अकराही वेळा सुरू झाला. शुक्रवारी सकाळी राजनंदिनीला बरोबर घेऊन हॉलमध्ये लावला, सुरू झाला. संध्याकाळी पाच वाजता मुलं आली, कूलर लागला, पंखे लागले, आणि ठिपके थांबले.

"सर, याला आपण आवडत नाही," आमोद म्हणाला.

शनिवारी मी नेटची वायर उपसली. ती जाळीदार वेष्टनाची जाड वायर होती, खिडकीतून बाहेर जाऊन गल्लीतल्या लोखंडी खांबाला आवळलेली. वायर काढली, बटण दाबलं. ठिपके फिरले, फिरत राहिले, आणि पडदा निळा उजळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही तीनदा बंद करून तीनदा सुरू केला.

मी चेतनला फोन लावला.

"भारी सर! पोर्ट उडाला असणार. वायफायचं डोंगल देतो, वायर लावूच नका."

"सापडलं," मी मुलांना म्हणालो. "एका वेळी एक गोष्ट. पाहिलंत?"

राजनंदिनीने बोटाच्या टोकाने सीपीयूला शिवून पाहिलं आणि झटकन हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. ती उठून लांब जाऊन बसली.

रविवारी दुपारी मी वही समोर घेऊन बसलो. या शोधाचा एक छान धडा करावा, मोठ्या कागदावर तक्ता काढून हॉलमध्ये लावावा असा विचार होता. नोंदी उतरवायला लागलो. सोमवार, पाच दहा, अडकला. मंगळवार, पाच वीस, अडकला. शुक्रवार सकाळी साडेदहा, चालला. शुक्रवार पाच पाच, अडकला. शेवटच्या रकान्यात मुलीने प्रत्येक वेळी मन लावून लिहिलं होतं. पंखे चालू, ट्यूब चालू, कूलर चालू. सकाळच्या नोंदीत पंखे चालू, ट्यूब चालू. एवढंच.

मी परत वरून खाली पाहिलं. जितक्या वेळा अडकला तितक्या वेळा कूलर चालू होता. कूलरशिवाय एकदाही अडकला नव्हता.

मग मी पान उलटून ती खोडलेली नोंद पाहिली. तांबड्या रेघेखालून तिचं बारीक अक्षर स्वच्छ वाचता येत होतं.

"सीपीयूला मुंग्या येतात. कूलरच्या नळालापण येतात. सतरंजीवर कमी येतात. सरांना येत नाहीत कारण सर चप्पल घालतात."

मी उठून उभा राहिलो. सातवीच्या पुस्तकातला धडा, मीच शेकडो वेळा शिकवलेला. कूलर आतून खराब झाला होता आणि त्याची वीज त्याच्या पत्र्यावर उतरत होती. ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायला हवी. ती तार जमिनीपर्यंत पोचतच नसली तर वीज त्याच तारेने भिंतीतल्या भिंतीत फिरून दुसऱ्या वस्तूंच्या पत्र्यावर येते. ती सीपीयूत शिरत होती आणि नेटच्या जाळीदार वायरीतून खांबाकडे, खांबातून जमिनीत पळत होती. संगणक त्या धक्क्याने अडकत होता. म्हणजे आठवडाभर तो ओरडून सांगत होता. आणि काल मी ती वायर काढून त्याचं तोंड बंद केलं. विजेला बाहेर जायची एकच वाट होती, ती मी माझ्या हाताने तोडली. आता तिला माणसाच्या अंगातूनच जावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी पौर्णिमा होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वंदनेसाठी हॉल धुतात. बादल्यांनी पाणी ओततात. आणि मुलं खराटे घेऊन अनवाणी धावतात, त्यांना ते काम फार आवडतं.

तुळजाबाईंना फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी खाली उतरून रिक्षा थांबवली.

"एवढ्यासाठी रिक्षा?" रिक्षावाला म्हणाला. "पंधरा मिनिटांचा चढ आहे. चाला की, तब्येतीला बरं."

"पोरं आहेत तिथे. चला लवकर."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने लगेच गिअर टाकला. चौकात पाण्याचा टँकर आडवा लागला होता. मी पुन्हा फोन लावत राहिलो. हॉलमध्ये फोन वाजत असेल, कोनाड्यात, आणि पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू येत नसेल, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

दारात पोचलो तेव्हा फरशीवर घोट्याखाली पाणी साचलं होतं. सात-आठ मुलं होती. कूलरपुढे राजनंदिनी दोन्ही हात पसरून उभी होती आणि तुळजाबाई तिला रागावत होत्या.

"अगं, पाणी पिऊ दे की लेकरांना! तहानलीत ती. आत्ताच लावलाय."

"नाही आजी. शॉक बसतो."

"काही बसत नाही," आमोद म्हणाला. "सर म्हणाले ना, बसून बसून मुंग्या येतात. सरांनी तुझं खोडलंय, मी बघितलंय!"

तो तिच्या काखेखालून सुळकन पुढे सरकला. हातात स्टीलची बाटली होती. दुसऱ्या हाताने त्याने नळ धरला. त्याच क्षणी कूलरची मोटर गुरगुरली.

आमोद ओरडला नाही. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि नळावरची बोटं मिटलेलीच राहिली. बाटली पाण्यात पडली. राजनंदिनी त्याला ओढायला वळली.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. मेन स्विच दाराशेजारीच होता. मी तो खाली ओढला.

पंखे मंदावले. मोटर थांबली. आमोद बसल्यासारखा पाण्यात पडला. मी त्याच्या छातीवर कान ठेवला. ठोके होते, वेडेवाकडे, पण होते. मग त्याने श्वास घेतला आणि रडायला लागला. इतक्या वर्षांत मुलाच्या रडण्याने मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. त्याच रिक्षाने त्याला दवाखान्यात नेलं. रिक्षावाला थांबून राहिला होता.

दोन बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग होते. डॉक्टर म्हणाले, रात्रभर हृदयावर लक्ष ठेवू. त्याची आई कौशल्या कामावरून तशीच धावत आली. मी तिला सगळं सांगितलं, रेघेसकट. तिने ऐकून घेतलं.

"तुम्ही सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं, सर," ती म्हणाली. "तो तुमचंच ऐकतो." आणि ती आत गेली.

बाहेर बाकावर राजनंदिनी बसली होती, वडिलांबरोबर आली होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. मग विचारलं, "सर, मी परत सांगायला हवं होतं का?"

"नाही. मी पहिल्यांदाच ऐकायला हवं होतं."

सोमवारी वंदना मेणबत्त्यांवर झाली. दुपारी साईनाथ नावाचा वायरमन आला. त्याने बोर्ड काढला, भिंत थोडी फोडली आणि हिरवी तार ओढली. ती हातभर बाहेर आली आणि संपली. टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. दुसरं टोक कुठेच नव्हतं.

"हे कुणाचं काम?" त्याने विचारलं. समितीच्या ओव्हाळांनी एका कंत्राटदाराचं नाव सांगितलं. साईनाथने मान हलवली.

"कूलर काढला म्हणून निर्धास्त राहू नका. उद्या दुसरं काही बिघडलं तर पुन्हा हेच. आणि सर, मागच्या गल्लीतल्या तिन्ही इमारती त्याच माणसाने केल्यात. त्याच वर्षी."

मागच्या गल्लीत आमोद राहतो. त्याला सकाळीच घरी सोडलं होतं.

आम्ही तिघं निघालो, साईनाथ, मी आणि राजनंदिनी. दुसऱ्या मजल्यावर कौशल्याने दार उघडलं. आत खाटेवर आमोद झोपला होता, हाताला पांढरी पट्टी. खाटेला लागूनच फ्रिज होता, त्याचा आवाज येत होता.

"झोपलाय," ती हळूच म्हणाली. "उठवू नका."

साईनाथने फ्रिजशेजारच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात टेस्टर घातला. तिथे उजेड दिसायला नको. टेस्टरमधला छोटा दिवा लाल झाला.

झोपेत आमोदने कूस बदलली. त्याचा अनवाणी पाय खाटेवरून खाली आला, फ्रिजच्या दारापासून वीतभर अंतरावर.

"ताई," मी म्हणालो, "मेन स्विच कुठे आहे?"

"पण आत दूध आहे, त्याचं औषध आहे—"

"जिन्यात," राजनंदिनी म्हणाली, आणि आमच्या आधी बाहेर धावली.