इस्त्री करणाऱ्या बाईचं मौन

अठरा मिनिटांच्या एका फ्रेंच चित्रपटावर मधुकर टिपणीसने बासष्ट पानं लिहिली. दोन वर्षं लागली. विक्रोळीच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांचे नकाशे काढायचे, मुलुंडला घरी यायचं, चहा घ्यायचा आणि लिहायला बसायचं. त्याची बायको वसुधा स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, ऐकताय ना?" की हा मान वर न करताच हात उंचावायचा. थांब, तंद्री मोडते. ती थांबायची. पुढे पुढे तिने हाक मारायचंच सोडून दिलं. काय समजूतदार बायको मिळाली आहे, असं मधुकरला वाटलं. नवऱ्यांना असं वाटायला फारसं काही लागत नाही.

तो चित्रपट त्याने त्र्याऐंशी साली मुलुंडच्या फिल्म सोसायटीत पाहिला होता. सोसायटी म्हणजे शाळेचा हॉल, बाकं आणि भाड्याचा प्रोजेक्टर. त्या संध्याकाळी मोठ्या चित्रपटाच्या रिळांचा डबा भलतीकडेच गेला आणि हा एवढासाच हाती आला, तोही खाली इंग्रजी ओळी नसलेला. पडद्यावर एक म्हातारी इस्त्री करत होती आणि तिचा नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. एक शर्ट झाला की दुसरा. मधूनच ती नवऱ्याकडे बघायची. ओठ मात्र शेवटपर्यंत मिटलेले. आवाज कसलाच नाही, इस्त्रीचासुद्धा नाही.

प्रोजेक्टरवर सहदेव होता. गिरणीच्या संपात त्याची नोकरी गेली, तेव्हापासून तो हे काम करायचा. दुसऱ्याच मिनिटाला तो वाकत वाकत मधुकरच्या बाकापाशी आला.

"साहेब, आवाज..."

"शूऽऽ! गप्प बस रे!" मधुकर खेकसला. "तेच तर आहे त्यात!"

आजूबाजूचे चार जणही असे वळले, जणू सहदेव देवळात चपला घालून आला होता. परदेशी चित्रपटात काही कमी वाटलं, तर ती कमतरता आपल्या डोक्यात आहे असं मानायची सोसायटीत रीतच होती. सहदेव मागे गेला. सगळ्यांच्या आग्रहावरून चित्रपट पुन्हा दाखवला, तोही तसाच. पुढच्या महिन्यात बंगाली चित्रपट मुका निघाला, तेव्हा आरडाओरडा झाला आणि फिल्मच्या कडेवरचा आवाज वाचणारा प्रोजेक्टरमधला छोटा बल्ब बदलला गेला. मधुकर त्या दिवशी आला नव्हता. घरी लिहीत होता.

नकाशे त्याने हजारांनी काढले, पण त्यावर नाव कारखान्याचं. स्वतःचं म्हणून आयुष्यात केलेलं काम हे एवढंच. सोसायटीचे अध्यक्ष श्यामसुंदर कर्णिक वाचून गहिवरले. त्यांनी पुस्तिका छापून घेतली, प्रकाशनाचा रविवार ठरवला, फ्रेंच वकिलातीतून तोच चित्रपट पुन्हा मागवला आणि अंधेरीच्या कॉलेजात फ्रेंच शिकवणाऱ्या मृणालिनीबाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं. आधी चित्रपट, मग मधुकरचं वाचन.

दिवे मालवले. म्हातारीने इस्त्री उचलली आणि हॉलभर एक बाई बोलू लागली.

ओठ मिटलेलेच होते. मनातल्या मनात बोलावं तसा तो आवाज होता, पण भरभर, खणखणीत आणि न थांबणारा. मधुकर उठून मागे सहदेवपाशी गेला.

"हे काय आहे?"

"आवाज," सहदेव हळूच म्हणाला. "त्या दिवशी बल्ब गेल्लो. मी सांगूक इललंय, तुमी माका गप केलास."

"अरे, मग नंतर तरी सांगायचंस!"

"तुमी येवढा लिवलास, सगळे वा वा म्हणत होते. माका वाटला, शिकलेल्या माणसांका ठावक आसात." मधुकरचा चेहरा पाहून त्याने बटणावर हात ठेवला. "बंद करू काय?"

हो म्हणावं की नाही, मधुकरला ठरवता येईना. तेवढ्यात पुढच्या रांगेत मृणालिनीबाई खळखळून हसल्या. आता बंद करून काय उपयोग होता? तो तसाच उभा राहिला. त्या आणखी तीनदा हसल्या. बाकी कुणाला शब्द कळत नव्हता.

दिवे लागल्यावर कर्णिक त्याच्या कानाशी लागले, "मधुकर, हा आवाज कुणी मागाहून घातला असेल का?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी पुस्तिका उघडून अर्पणपत्रिका मोठ्याने वाचली: "वसुधेस, जिच्या मौनाने मला हे मौन समजलं." टाळ्या पडल्या. सगळे वसुधाकडे वळले. ती मांडीवरच्या पर्सचं बक्कल उघडझाप करत राहिली.

मधुकर माइकपाशी गेला. सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण त्याच्याजवळ त्या बासष्ट पानांखेरीज काही नव्हतं, म्हणून त्याने तीच वाचली. "या चित्रपटात कोणीही बोलत नाही," हे पहिलं वाक्य त्याने पानावरून नजर न उचलता वाचलं. कुणी हसलं नाही. मृणालिनीबाईंनी मान खाली घातली, ते त्याला हसण्याहून जड गेलं.

चहाच्या वेळी त्याने त्यांना गाठलं. वसुधा शेजारीच होती.

"बाई, काय म्हणत होती ती?"

"विशेष काही नाही हो," त्या अवघडून म्हणाल्या. "शेजारणीची गंमत, कोबी कसा निघाला, गुडघा दुखतो, असलंच. मनातल्या मनात सगळं नवऱ्याला सांगते. आणि दर शर्टामागे विचारते, अहो, ऐकताय ना?"

वसुधाने चहाचा कप खाली ठेवला.

पुस्तिकांचा गठ्ठा काखेत धरून मधुकर घरी निघाला. वसुधा एक पाऊल मागे होती. शाळेचं फाटक गेलं, भाजीवाले गेले, पिठाची गिरणी गेली. ती आता काहीतरी म्हणेल, निदान टोमणा तरी मारेल, म्हणून तो कान देऊन चालत होता. जिन्यापाशी त्याला राहवलं नाही.

"वसुधा, बोल ना काहीतरी."

तिने खरोखर आठवून पाहिलं. "काही नाही हो," ती म्हणाली आणि किल्ली काढून पुढे झाली.